हौशीआबांच्या नावानं

१

तळेगाव ढमढेऱ्याच्या दूध शीतकरण केंद्रात एक मेलेला माणूस रोज कामावर असायचा, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

सकाळी गावोगावच्या दुधाच्या गाड्या लागल्या की काट्यावरचे रखमाजी मामा कॉम्प्युटरपुढं बसायचे. मशीननं नाव विचारलं की एका बोटानं टकटक करत ‘हौशीराम’ लिहायचे आणि कामाला लागायचे. फॅट काढणारा लॅबवाला त्याच नावानं आत जायचा. टँकर पाठवणारा त्याच नावानं. वेळ पडली तर साहेबसुद्धा त्याच नावानं. पासवर्ड ‘बिरोबा’, आणि तो कुणी विसरू नये म्हणून मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून ठेवलेला. कुलूप लावायचं आणि किल्ली कुलपालाच बांधून ठेवायची, असला सगळा कारभार!

हौशीराम म्हणजे केंद्राचे जुने क्लार्क, सगळ्यांचे आबा. पुण्याच्या माणसानं पहिल्यांदा प्रोग्राम बसवला तेव्हा शिकायला एकटे तेच बसले. बाकीच्यांनी ‘आबा शिकत्यात न्हवं, मग झालं’ म्हणून अंग काढून घेतलं. त्यामुळं मशीनमध्ये नाव त्यांचं पडलं ते पडलंच. गेल्या साली छातीत कळ येऊन आबा गेले. नाव मागं राहिलं. त्यांच्या जागेवर त्यांची मुलगी हर्षदा लागली. शिरूरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, प्रोग्राम उघडून दुरुस्त करण्याइतकी हुशार. तीही सकाळी येऊन बापाच्याच नावानं आत शिरायची. पहिल्या दिवशी तिची बोटं अडखळली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढं सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, तिथंच सगळं नडतं.

मग तपासणी आली. कुणीतरी फॅटचे आकडे मागनं बदलले होते, आणि कुणी बदलले म्हणून विचारलं तर मशीन एकच नाव सांगत होतं. ऑडिटरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मयत माणूस दूध मोजतो का हो तुमच्याकडं?”

ऑडिटर गेल्यावर मॅनेजर सत्यजित साहेबांनी हर्षदाला केबिनमध्ये बोलावलं. “प्रत्येकाला वेगळं नाव दे, वेगळा पासवर्ड दे. कुणी काय बघायचं, कुणी काय लिहायचं, कुणी कशाला हात लावायचा नाही, सगळं बांधून टाक. आणि आबांचं नाव बंद कर. पुढच्या तपासणीच्या आत झालं तर तुला कायम करायचा ठराव मी स्वतः मांडतो. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही बघ.”

“करते साहेब,” हर्षदा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

२

तळेगावातनं न्हावऱ्यापर्यंत एक जीप, तिथनं निमोण्याला दुसरी. मांडीवर कुणाची तरी पिशवी, पाठीत कुणाचं तरी कोपर. घरी पोचेपर्यंत हर्षदाच्या अंगात त्राण उरायचं नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढं फरशीचा ओटा, आत भिंतीलगत आबांच्या बापजाद्यांची काळी घोंगडी अंथरलेली. मेंढरं कधीच गेली, घोंगडी तेवढी राहिली. घरात आता दोघीच, हर्षदा आणि तिची आई कस्तुराबाई.

आबा गेल्यावर कस्तुराबाईनं अन्न टाकलं होतं. भाकरीचा तुकडा तोडायची आणि हातात धरून बसायची. शिरूरला नेऊन सलाईन लावावी लागली. डॉक्टर म्हणाले होते, “आणखी काही दिवस असंच चाललं तर या राहत नाहीत.” हर्षदानं हात जोडले, रागावली, रडली. काही उपयोग झाला नाही. आणि मग एका संध्याकाळी ती घरी आली तर आई चुलीपुढं बसून कालवण-भाकरी खात होती.

“आज ह्ये आलं व्हतं,” कस्तुराबाई म्हणाली. “पानी प्यालं, घोंगडीवर बसलं. मी जेवंस्तवर बसलं.”

तेव्हापासून रोज दिवेलागणीला दाराशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला जायचा. थोड्या वेळानं तो रिकामा असायचा. हर्षदानं मनाशी हिशेब लावला होता. मांजर असेल. नाहीतर आईच ओतत असेल अंगणात आणि विसरत असेल. वेड असेल तर असू दे की! आईच्या पोटात चार घास जातायत, यापरीस शहाणपण काय करायचंय? त्या वेळेला ती मुद्दाम मागल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसायची, पुढं यायची नाही.

३

प्रोग्राममध्ये तिनं एक तक्ता केला. उभ्या रांगेत माणसांची नावं, आडव्या रांगेत हक्क. बघणे, लिहिणे, बदलणे, खोडणे. शेवटचा रकाना सगळ्यांत वरचा, इतरांचे हक्क ठरवणे. ज्याला जे द्यायचं त्याच्यापुढं बरोबरची खूण करायची. सोपं काम, पण डोकं उठवणारं, कारण प्रत्येकाला सगळंच पाहिजे होतं.

“मला खोडायचं न्हाई म्हंजी? माझ्या हातनं चुकलं तर?” रखमाजी मामा फुरंगटले.

“चुकलं तर साहेबांना सांगायचं, मामा. ते खोडतील.”

“व्वा! आबा व्हतं तवा आसलं काय न्हवतं बघ.”

आबांचं नाव एकदम काढता येत नव्हतं. जुन्या सगळ्या नोंदी त्या नावाला लटकलेल्या, नाव उडवलं तर त्याही उडाल्या असत्या. म्हणून तिनं एकेक खूण काढायचं ठरवलं. त्या दुपारी खोडणे काढलं. बदलणे काढलं. लिहिणे काढताना उगीच वाईट वाटलं, पण काढलं. बघणे तेवढं ठेवलं.

संध्याकाळी घरी आली तर तांब्या दाराशी काठोकाठ भरलेला.

“आज पान्याला हात लावला न्हाई त्यांनी,” आई म्हणाली. तिच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती. “काय बोललं न्हाई, काय न्हाई. नुसतं बघत बसलं.”

हर्षदाला दुपारी काढलेल्या खुणा आठवल्या. मग तिची तिलाच लाज वाटली. मशीन कुठं तळेगावात, तांब्या कुठं निमोण्यात. दमलं की माणसाला कशाचाही कशाशी संबंध दिसतो, असं म्हणून तिनं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि झोपली.

४

“झालं का आबांचं नाव बंद?” सत्यजित साहेबांनी दारातनंच विचारलं. तपासणी जवळ आली होती.

“एक खूण राहिलीय साहेब.”

“मग काढ की! मुहूर्त बघतेस का?”

तिनं बघणे काढलं. हौशीराम नावापुढची ओळ कोरी झाली. त्या नावानं आत शिरून बघितलं तर मशीननं नाही म्हणून सांगितलं. कायम नोकरी आता हाताच्या अंतरावर आली होती. तिला आनंद व्हायला पाहिजे होता. मान मोडून आल्यासारखी दुखत होती, तेवढंच तिला कळलं.

त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकलं.

लोडशेडिंग होतं, आईनं कंदील लावला होता. बाहेर ओट्यावर चपला वाजल्या. उजवी नीट पडायची आणि डावी घासत यायची. आबांचा डावा पाय अधू होता. चपला उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

“या की,” कस्तुराबाई म्हणाली.

कुणी आलं नाही. दार उघडं होतं, बाहेर अजून मळकट उजेड होता, आणि दारात कुणीही नव्हतं. पण कुणीतरी उभं आहे हे हर्षदाला कळत होतं. शेजारच्या खोलीत माणूस जागा असला की कळतं, तसं.

“आवं, या की आत. आसं काय परक्यावानी उभं ऱ्हायलाय?”

बाहेर घसा खाकरल्याचा आवाज आला. मग चपला हळूहळू ओट्याखाली उतरल्या.

“का गं यीना ह्ये आत?” आईनं हर्षदाकडं वळून विचारलं. लहान पोरानं विचारावं तसं विचारलं.

कस्तुराबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज दिवेलागणीला चपला उंबऱ्याशी यायच्या, थांबायच्या, परत जायच्या. हर्षदा आईच्या तोंडाशी घास न्यायची आणि आई तोंड फिरवायची. “त्ये बाहीर उभं, आन् मी गिळू?” आईचे गाल बसले, चालताना भिंत धरायला लागली. डॉक्टरांचा तो शब्द हर्षदाच्या कानात घोळत राहिला. राहत नाहीत, राहत नाहीत. आई गेली तर कायम नोकरी घेऊन करायचं काय? कुणासाठी?

५

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तिनं केलं ते आईसाठी केलं, आणि तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

सकाळी आल्या आल्या तिनं तक्ता उघडला आणि हौशीराम नावापुढं बघणे दिलं, लिहिणे दिलं, बदलणे दिलं, खोडणे दिलं. हात तिथं थांबला नाही. इतके दिवस बापाला स्वतःच्या घराच्या दारात उभं केलं, याची इतकी टोचणी लागली होती की तिनं शेवटच्या रकान्यातही खूण केली. इतरांचे हक्क ठरवणे. घ्या आबा, सगळं घ्या. साहेबांना काय सांगायचं ते तपासणीच्या दिवशी बघू.

केंद्रात दुपारपर्यंत ही बातमी पसरली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वेगळी नावं देऊन काही दिवस झाले होते, पण कुणाला पासवर्ड आठवत नव्हता, कुणाचा चुकून बंद पडला होता. रखमाजी मामा तर रोज बोंब मारायचे, “माझं नाव मलाच वळखंना झालंय!” आता सगळे पहिल्यासारखे निवांत झाले. चिकटपट्टी परत मॉनिटरला लागली. टँकरचा ड्रायव्हरसुद्धा पावती काढायला त्याच नावानं आत जायला लागला.

“आबांचं बरं हाय,” मामा हसून म्हणाले. “कुनीबी या, आत घेत्यात.”

हर्षदाही हसली. जीपमध्ये बसल्यावर ते वाक्य तिला परत आठवलं, तेव्हा हसू आलं नाही.

घरी आई पाय धुऊन, केस विंचरून बसली होती. चपला वाजल्या. डावी घासत आली, उंबरा ओलांडून आत आली. घोंगडी जराशी दबली. कस्तुराबाईनं ताट ओढलं आणि पोटभर जेवायला लागली. हर्षदा मागल्या खोलीच्या दारात उभी होती. भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. तिनं डोळे पुसले.

मग ओट्यावर परत पावलं वाजली.

या चपला घासत नव्हत्या. चालणारा भराभर चालत होता.

“कोन हाय?” आईनं विचारलं, आणि काहीतरी ऐकल्यासारखी मान हलवून म्हणाली, “या, या.”

थोड्या वेळानं आणखी एक आलं, अनवाणी. मग आणखी कुणी. एक पाऊल तर असं वाजलं की त्याच्या जोडीला दुसरं पाऊल पडलंच नाही. दर वेळी आई विचारायची, दर वेळी या म्हणायची आणि तांब्या भरायची. कंदिलाच्या उजेडात हर्षदानं घोंगडीकडं बघितलं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत शेजारी शेजारी दबलेली होती. खेटून बसली होती माणसं. माणसंच असतील तर.

“आई,” ती कशीबशी म्हणाली, “हे आबा नाहीत गं सगळे.”

“मी इचारते की, कोन हाय म्हनून. नाव त्यांचंच सांगत्यात.” आईनं भाकरीचा तुकडा मोडला. “मग काय दार धरून बसू व्हय? घर त्यांचं हाय.”

६

आज काहीही झालं तरी हे निस्तरायचं, असं ठरवून हर्षदा केंद्रात आली. तिनं स्वतःचं नाव लिहिलं, स्वतःचा पासवर्ड लिहिला.

या नावाची कोणी व्यक्ती नाही, असं मशीन म्हणालं.

तिनं परत लिहिलं. परत तेच.

“आबांच्या नावानं जा की आमच्यावानी,” मागनं रखमाजी मामा म्हणाले.

गेली. दुसरा इलाजच नव्हता. आत तक्ता उघडला, तर सगळ्यांची नावं जिथल्या तिथं होती, तिची ओळ तेवढी नव्हती. तक्ता तिनंच केलेला, कुणी काय खोडलं हे कुठं बघायचं ते तिला माहीत होतं. तिनं बघितलं. हर्षदा, खोडले. खोडणाऱ्याचं नाव हौशीराम.

“मामा, माझं नाव कुणी काढलं?”

“मी न्हाई बाबा! बिरोबाची आन. मला त्ये कुठं आसतंय त्येबी ठावं न्हाई.”

लॅबवाला नाही म्हणाला, ड्रायव्हर नाही म्हणाला, साहेबांनी तर केबिनमधनं मान वर केली नाही. खोटं कुणी बोलत असेल असं कुणाच्याच तोंडावर दिसत नव्हतं. हौशीरामांपैकी कोणत्या तरी हौशीरामानं केलं होतं, यापलीकडं मशीनला काही ठाऊक नव्हतं.

तिनं आबांची ओळ खोडायला घेतली. मशीननं नकार दिला. आपण आपल्यालाच खोडू नये म्हणून तसा नियम तिनंच घातला होता, आणि आत्ता ती हौशीराम होती. बरं, नियम नंतर काढू, आधी आपलं नाव परत घालू, म्हणून तिनं पहिलं अक्षर लिहिलं आणि वीज गेली. यूपीएस जरा वेळ पीं पीं करून गप्प झाला.

“जाऊ दे गं, उद्या बघ,” सत्यजित साहेब बाहेर येऊन म्हणाले. “आज काय आता लाइट यायची नाही.” बोलताना त्यांनी तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिचं नाव आत्ता आठवेल, मग आठवेल. नाव घेतलं नाही.

ती वाट बघत बसली. वीज आलीच नाही. शेवटची जीप चुकेल म्हणून उठली.

७

निमोण्यात दिवे लागायची वेळ. दार सताड उघडं होतं. आत कंदील होता, आणि भाजल्या भाकरीचा वास अंगणापर्यंत येत होता. हर्षदा ओट्यावर चढली, पिशवी खांद्यावरनं काढली, आणि आत जायला पाय उचलला.

पाय उंबऱ्याच्या आत पडला नाही. कुणी धरला नव्हता, काही आडवं नव्हतं. नुसता पडला नाही.

“आई,” तिनं हाक मारली.

कस्तुराबाई पदराला हात पुसत दाराशी आली. तोंडावर तकाकी होती. वर्षभरात ती इतकी बरी दिसली नव्हती. तिनं हर्षदाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि पदर सारखा केला.

“कुनाकडं आला बाई तुमी?”

“आई, मी आहे. हर्षदा.”

“हर्षदा?” कस्तुराबाईनं आठवून बघितलं. मनापासून आठवून बघितलं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. “न्हाई बाई, हितं हर्षदा म्हनून कुनी न्हाई. चुकला जनू. कुठल्या गावच्या तुमी? लई दमल्यावानी दिसताय. पानी दिऊ का?”

तुमी. आयुष्यात पहिल्यांदा आई तिला तुमी म्हणत होती. तिनं आईचा हात धरायला हात पुढं केला, तोही उंबऱ्याच्या वर हवेत अडला. ती बोलत सुटली. शाळा, सलाईन, लहानपणी आलेला गोवर, आईनं रात्र रात्र मांडीवर घेऊन बसणं. कस्तुराबाई माणुसकीनं सगळं ऐकून घेत होती. परक्या बाईचं दुःख ऐकतात तसं, मान हलवत.

“आसंल बाई. पर ह्ये तुमचं घर न्हवं,” ती शेवटी म्हणाली. “ज्याचं घर त्यो आत. दुसऱ्याला कशी घिऊ मी?”

अंधार दाटत आला. परत जायला जीप नव्हती, आणि जायचं तरी कुठं? मशीनमध्ये नाही, केंद्रात नाही, आईच्या डोळ्यांत नाही. हर्षदा इतकी दमली होती की तिला रडायचंही जमेना. तिला फक्त आत जायचं होतं. आईच्या जवळ बसायचं होतं, कसंही करून, कुणीही होऊन.

कस्तुराबाई वळायला लागली.

“हौशीराम,” हर्षदा म्हणाली.

कस्तुराबाई थांबली. तिचं तोंड एकदम उजळलं, आणि तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला.

“मग या की आत,” ती म्हणाली. “तुमाला कोन आडवतंय?”

हर्षदानं उंबरा ओलांडला. घोंगडीवर जागा नव्हती, पण आधीच बसलेल्यांनी जरा सरकून तिला जागा करून दिली.